फ्रेमवाल्याची मान

माणसाला मान असते ती डोकं धडावर टिकावं म्हणून. आमच्या फ्रेमवाल्यांच्या मानेने आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. एखादी गोष्ट आवडली की ती डोलायची. वरून खाली, खालून वर, सावकाश, भरल्या कणसासारखी. त्यात लबाडी नव्हती. गिऱ्हाईक फोटो घेऊन यायचं, फ्रेमवाले तो दोन्ही हातांत धरून लांब न्यायचे, जवळ आणायचे, आणि मान सुरू व्हायची. कुणाचा पदवीचा फोटो, कुणाचं बाळ, कुणाचा जीभ काढलेला कुत्रा. गिऱ्हाईक त्या डोलणाऱ्या मानेकडे बघत बसायचं आणि साधी पट्टी सांगायला आलेलं सोनेरी नक्षीची सांगून जायचं.

दुकान चष्मेवाला आणि चावीवाला यांच्या मधल्या फटीत होतं. आत गेलेल्या माणसाला वळून बाहेर पडता येत नसे, पावलं मागे टाकत यावं लागे. आत काच कापायचं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, कोपरे कापायची करवत, डिंकाचा वास, आणि भिंतीवर नमुन्याच्या फ्रेमा. प्रत्येक फ्रेमेत कारखान्यातून आलेलं तेच कुटुंब हसत असायचं. आई, बाप, दोन मुलं, चौघांचे मिळून इतके पांढरे दात की फ्रेमवाले म्हणत, "ह्यांच्याकडे बघून माझी मान कधी हलली नाही. ही माणसं घरी गेल्यावर एकमेकांशी बोलत नसणार."

त्या हसणाऱ्या कुटुंबांच्या मधोमध एक फ्रेम रिकामी होती. सागवानी, आतल्या कडेला बारीक सोनेरी रेघ, काच रोज पुसलेली. ती त्यांनी स्वतःसाठी बनवली होती. आपण काढलेला एखादा फोटो आमच्या छायाचित्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात लागेल तेव्हा तो हिच्यात बसवायचा, असा बेत होता. दरवर्षी मंडळातल्या सगळ्यांचे फोटो ते मढवून द्यायचे, आणि ही मात्र तशीच. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणायचे, "ती विकायची नाही." आतून भिंतीचा उडालेला रंग दिसायचा. त्यांची बायको दुकानात आली की म्हणायची, "भिंतीचा फोटो छान आलाय हं."

अडचण एकच होती. फ्रेमवाल्यांनी मंडळात दाखवलेला प्रत्येक फोटो हललेला असायचा.

कॅमेरा त्यांना मेहुण्याकडून मिळाला होता. मेहुण्याने नवा घेतला आणि जुना बहिणीच्या नवऱ्याच्या गळ्यात मारला. तिथपासून हे दुखणं. काच कापताना ज्यांचा हात केसभर सरकत नसे, त्यांनी काढलेल्या फोटोत झाडं धुरासारखी, डोंगर जेलीसारखे आणि माणसं आपापल्या भुतांसह यायची. मंडळात त्यांना मागून 'हललेले' म्हणत. पुढून 'फ्रेमवाले' म्हणत, कारण फ्रेमा अजून घ्यायच्या असत.

मंडळाविषयी सांगायला हवं. आमचं छंदी छायाचित्रकार मंडळ दर रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतं, कारण रविवारी दवाखाना बंद आणि डॉक्टर आमचे अध्यक्ष. पेशंट थांबतात त्या खोलीत आम्ही बसतो. इतर दिवशी ज्या टीव्हीवर हिरड्यांची निगा दाखवतात त्यावर आमचे फोटो लागतात. बसणाऱ्यांच्या चेहऱ्यांत फारसा फरक नसतो.

मंडळाचा एक नियम आहे: आधी सामान सांगायचं, मग फोटो दाखवायचा. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, ट्रायपॉड कुठला, पिशवी कुठली, पिशवीचा पट्टा कुठला. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे नमनालाच घाणा बसवतात. बऱ्याचदा सामान सांगून होईपर्यंत जेवायची वेळ होते आणि फोटो राहून जातो. त्याबद्दल कुणाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

डॉक्टरांकडे एक लेन्स आहे. ती गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून बसते. पक्ष्यांना दिसू नये म्हणून तिला हिरव्या पानांच्या छापाचा अंगरखा शिवलेला आहे, आणि डॉक्टर स्वतःही तसलाच घालतात. आमचं गाव बहुतांशी सिमेंटचं असल्यामुळे ते दोघे फार लांबूनही ओळखू येतात. विमा कंपनीतले साहेब, ज्यांना आम्ही विमावाले म्हणतो, त्यांच्याकडे डॉक्टरांपेक्षाही भारी सामान आहे, पण धूळ बसेल, दमट हवा लागेल, कुणी धक्का देईल या भीतीने ते खोक्याबाहेर येत नाही. विमावाले मोबाइलवर त्या खोक्याचे फोटो काढून आणतात. प्रकाशयोजना चांगली असते. तिसऱ्या गणिताच्या बाई. त्या कॅमेरा लावण्याआधी उजेडाचं गणित कागदावर मांडतात. उत्तर नेहमी बरोबर येतं. तोवर सूर्य मावळलेला असतो.

अशा जाणकारांनी फ्रेमवाल्यांच्या दुखण्यावर उपाय सुचवले नसते तरच नवल.

"ट्रायपॉड घ्या," डॉक्टर म्हणाले. फ्रेमवाल्यांनी घेतला. फोटो ट्रायपॉडसकट हलले.

"अहो, तो हलकाय. जड घ्या," विमावाले म्हणाले. जड घेतला. तो उचलून नेताना कंबर धरली, आणि फोटोत डोंगर पुन्हा जेलीसारखे.

"शटरचा वेग वाढवा. दुप्पट करा," बाई म्हणाल्या. फ्रेमवाले पहाटेचे फोटो काढत. वेग वाढवल्यावर फोटो काळे आले. काळ्या फोटोत काहीच हललेलं दिसलं नाही, हे बाईंनी आपल्या सिद्धान्ताच्या बाजूने धरलं.

खरं कारण सापडलं ते फ्रेमवाल्यांच्या बायकोला, आणि तेही सामानाविना. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. एका टोचणीत शीर मिळण्याबद्दल तिची ख्याती आहे, आणि बोलणंही त्याच पद्धतीचं. एके दिवशी घरी अल्बम चाळता चाळता ती थांबली.

"अहो, हा माझा दादा बघा. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा आलाय."

"असेल. चुकून आला असेल."

"हे विजेचं मीटर. आकडे वाचता येतात. हे शेजाऱ्यांचं गेट. ही कचराकुंडी. सगळं स्वच्छ. आणि ही मी. इथे मी, इथे मी, ही समुद्रावर मी. सगळीकडे मी धुक्यात."

"उजेड कमी पडला असेल."

"समुद्रावर? दुपारी?" तिने अल्बम मिटला. "तुम्हाला जे आवडतं ते हलतं. डोळा कॅमेऱ्याला लावलेला, कपाळ टेकलेलं, आणि आवडलं की तुमची मान डोलते. कॅमेरा काय करील बिचारा? तोही डोलतो."

"काहीतरीच तुझं. हा लेन्सचा प्रश्न आहे."

अल्बम नेहमीच्या फळीवर न ठेवता तिने स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली.

आता त्या बगळ्याकडे वळू.

गावाबाहेर जिथे पाणी शुद्ध करतात तिथे एक मोठं तळं आहे. भोवती तारेचं कुंपण, आत जायला मनाई. त्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक राखी बगळा उभा असायचा. डॉक्टरांनी तो शोधला, आणि मग सगळं मंडळ कुंपणाला लेन्सा लावून उभं राहू लागलं. बगळा फार गुणी होता. उडायचा नाही, मान वळवायचा नाही, कुणाच्या लेन्सचं झाकण काढेपर्यंतही थांबायचा. डॉक्टरांनी त्याची 'तपस्वी' नावाची मालिकाच केली. ऋतू बदलले, ढग बदलले, बगळा तोच.

"एकनिष्ठ पक्षी आहे," डॉक्टर म्हणायचे. "एकाच जागी उभं राहून मासे येण्याची वाट बघतो. आमच्या धंद्यातही असंच असतं."

"त्याचा कोन कधी बदलत नाही," बाई म्हणायच्या. "वाऱ्याचा दाब कमीत कमी यावा असा कोन त्याने काढलेला आहे. पक्ष्यांना उपजत असतं."

"अशा स्वभावाचा विमा मी डोळे झाकून उतरवीन," असं विमावाल्यांचं मत पडलं.

फ्रेमवाल्यांनीही एका रविवारी, सगळे काढतात म्हणून, त्याचा एक फोटो काढला. पुढच्या रविवारी तो टीव्हीवर लागला तेव्हा खोलीत सुई पडली तरी ऐकू आली असती, आणि दवाखान्यात ती पडण्याची शक्यताही बरी असते.

"हललेला नाही!" विमावाले उभे राहिले.

डॉक्टर टीव्हीच्या इतके जवळ गेले की नाक काचेला टेकलं. त्यांनी चोच पाहिली, डोळा पाहिला, वरून खाली एकेक पीस तपासलं, आणि दाढ काढायची नाही असं सांगताना जो आवाज लावतात त्या आवाजात म्हणाले, "फ्रेमवाले, वन्यजीव विभागात हाच जाणार. माझा मी मागे घेतो."

ही साधी गोष्ट नव्हती. प्रदर्शन म्हणजे वाचनालयाच्या जिन्यातली भिंत. तिथे व्यक्ती, वास्तू, वन्यजीव आणि स्थिरचित्र अशा चार पाट्या कायमच्या ठोकलेल्या आहेत, आणि वन्यजीवची जागा जिना वळतो तिथे, धाप लागलेला माणूस थांबतो त्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. फ्रेमवाले त्या दिवशी घरी गेले ते पायांनी गेले असं म्हणवत नाही.

बायकोने फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"काय हो, तुम्हाला हा पक्षी आवडला नाही का?"

"म्हणजे?"

"नाही, हलला नाही म्हणून विचारलं."

फ्रेमवाल्यांनी हसण्यावारी नेलं. फोटो छापला, सागवानी फ्रेमेत बसवला, पाठीमागे खिळे मारले, टेप लावली. भिंतीचा उडालेला रंग शेवटी झाकला गेला. येणारं गिऱ्हाईक म्हणायचं, "वा! हा तुम्ही काढला?" अशा वेळी मानेने आपसूक डोलायला हवं होतं. ती जागची हलेना. जगातल्या यच्चयावत कुत्र्यांना डोललेली मान घरच्या बगळ्यापुढे ताठ. फ्रेमवाले उगाच फडकं घेऊन काच पुसत बसायचे. बगळ्याकडे बघता बघता त्यांना वाटायचं, याच्या चेहऱ्यावरचे भाव आपण कुठेतरी पाहिलेत. मग त्यांची नजर आजूबाजूच्या फ्रेमांकडे जायची, जिथे ते चौघे हसत होते.

प्रदर्शन तोंडावर आलं असताना त्यांना पाणीवाल्यांच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या नकाशाची काच फुटली होती. कचेरी कुंपणाच्या आत. फ्रेमवाल्यांनी माप घेतलं, आणि परत निघताना पाय तळ्याच्या काठाकडे वळले. गळ्यात कॅमेरा होताच.

बगळा त्यांना जवळ येऊ देत होता. आणखी जवळ. फ्रेमवाले त्याच्या शेजारी उभे राहिले. बगळ्याचा पाय सिमेंटच्या ठोकळ्यात बोल्टने कसलेला होता. त्यांनी त्याच्या पाठीवर बोटाने टकटक केलं. आतून डब्यासारखा आवाज आला. खरे पक्षी पाण्यात उतरून घाण करू नयेत म्हणून पाणीवाल्यांनी तो प्लॅस्टिकचा राखणदार बसवला होता.

फ्रेमवाले मागे सरले आणि ठोकळ्यापासून थोडं दूर मटकन बसले. फ्रेम डोळ्यांपुढे आली, जिना आला, जिन्यातली धाप लागलेली माणसं आली. एवढ्यात कुठूनसा एक खंड्या आला आणि राखणदाराच्या डोक्यावर बसला. इवलासा, निळाभोर, चोचीत मासा, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की हा पुतळा आपल्यासाठीच उभारलाय. फ्रेमवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. खंड्या उडून गेला. मान अजून डोलत होती.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मग आता?"

"कुणाला कळणार आहे? आत जायला मनाई आहे."

"कुणाला नाही कळणार," ती म्हणाली. "लावा खुशाल."

असं बोलल्यावर माणूस लावू शकत नाही, हे तिला ठाऊक असावं.

रविवारी सभा सुरू होताच फ्रेमवाले उभे राहिले. "मंडळी, एक सांगायचंय. आपला बगळा प्लॅस्टिकचा आहे."

भिंतीवरच्या चित्रातली हसणारी दाढ तेवढी हसत राहिली. शेवटी डॉक्टर सावकाश म्हणाले, "आधी सामान सांगा. कशाने पाहिलंत?"

"बोटाने."

"बोटाने म्हणजे?"

"टकटक केलं. पोकळ आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला. टकटक करून पोकळ निघालं की पुढे बोलायचं नसतं, हे त्यांच्या विद्येतलं पहिलं तत्त्व होतं.

"म्हणजे वाऱ्याचा दाब..." बाई पुटपुटल्या.

"मी म्हणतच होतो," विमावाले म्हणाले, "माझ्या कॅमेऱ्याला खोक्यातून बाहेर यावंसं का वाटत नव्हतं ते."

"तुम्ही कधी म्हणत होता?"

"मनात."

"माझा फोटो काढून टाका," फ्रेमवाले म्हणाले. "वन्यजीवमध्ये नको." आणि खाली बसले. त्यांना वाटलं, आता आपली जागा गेली, मंडळही गेलं. आणि अध्यक्षांच्या तपस्व्याचं असं केल्यावर दाढ दुखली तर कुठे जायचं, हाही प्रश्नच होता.

पण आमच्या मंडळाला कमी लेखणाऱ्याने आमची सभा पाहिलेली नसते. डॉक्टरांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, आणि म्हणाले, "प्लॅस्टिक चकाकतं. चकाकणाऱ्या वस्तूचा असा फोटो काढणं उलट जास्त कठीण. बाई, बरोबर ना?"

"दुप्पट कठीण," बाई म्हणाल्या. त्यांना जरा बरं वाटलं.

"मग फोटो वाईट नाही. विभाग चुकला. सगळे बगळे स्थिरचित्रात घ्या."

ठराव एकमताने झाला. सगळे बगळे स्थिरचित्रात गेले, आणि मग लक्षात आलं की वन्यजीवमध्ये काहीच उरलं नाही. वर्षभर सगळं मंडळ एकाच पक्ष्यापुढे उभं होतं.

"पाटी तर ठोकलेली आहे," विमावाले म्हणाले. "खाली भिंत लावायची का?"

फ्रेमवाल्यांनी चाचरत हात वर केला. "एक खंड्या आहे. पण... हललेला आहे."

तो टीव्हीवर लागला. हललेला म्हणजे कसा? वरपासून खालपर्यंत निळी रेघ ओढल्यासारखा. खाली राखी रंगाचा एक लोळ, तो बगळा. माशाचं म्हणाल तर विश्वास ठेवावा लागे.

"हा पक्षी आहे कशावरून?" बाईंनी विचारलं. "सिद्ध करा."

फ्रेमवाल्यांनी पुढचा फोटो लावला. तोही हललेला. राखी लोळ जागच्या जागी. निळी रेघ नाही.

बाईंनी दोन्ही फोटो आलटून पालटून पाहिले. "पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. अर्थात उडाला. उडतो तो जिवंत." त्यांनी हात झटकले, फळ्यावर उत्तर लिहून झाल्यावर खडूची धूळ झटकतात तसे. "सिद्ध."

मंडळाच्या इतिहासात जिवंत असल्याचा पुरावा असलेला तेवढाच फोटो होता. तोच लागला. फ्रेमवाल्यांनी सागवानी फ्रेमेतून बगळा काढला, त्याला स्थिरचित्रासाठी साधी काळी पट्टी दिली, आणि खंड्या आत बसवला. काच पुसता पुसता मान सुरू झाली. दोनदा काच हातातून सुटता सुटता राहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी जिन्याच्या वळणावर माणसं धापा टाकत थांबायची, पाटी वाचायची, निळ्या रेघेकडे बघायची, आणि आपल्यालाच चक्कर आली असेल असं समजून कठडा धरायची. डॉक्टर शेजारी उभे राहून सांगत होते, "मुद्दाम हलवलाय. आधुनिक पद्धत आहे ती." विमावाल्यांनी फ्रेमेच्या खोक्याचा फोटो काढला.

फ्रेमवाल्यांची बायको लॅबमधून परस्पर आली. तिने पाटी वाचली, फोटो पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं.

"बराच आवडलेला दिसतोय."

"मासा होता गं चोचीत," फ्रेमवाले म्हणाले.

"वहिनी, फोटोशेजारी उभ्या राहा," डॉक्टर म्हणाले. "आज तुमचा फोटो हलणार नाही, ही मंडळाची हमी. फ्रेमवाल्यांनी मानेचं सांगितलंय आम्हाला, उपाय सोपा आहे." आणि फ्रेमवाले डोळ्याला कॅमेरा लावतात न लावतात तोच डॉक्टरांनी मागून दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं पक्कं धरलं. दातांच्या डॉक्टरांच्या हाती सापडलेलं डोकं सुटत नाही. बटण दाबलं गेलं.

फोटो स्वच्छ आला. केस न् केस, कपाळावरची आठी, कॉलरवरचा आयोडीनचा डाग. मंडळाने टाळ्या वाजवल्या. फ्रेमवाले हरखून बायकोला दाखवायला धावले.

तिने तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"मी दादासारखी आलेय," ती म्हणाली.

ती जाऊन पुन्हा खंड्याशेजारी उभी राहिली, थेट डॉक्टरांकडे बघत.

"डॉक्टर, त्यांची मान सोडा. आणि त्यांना पुन्हा काढू द्या."